चार मिलिमीटरचे सत्य

माणसाला सत्य सांगावे की न सांगावे, हा प्रश्न पुस्तकात वाचताना सोपा वाटतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण त्याचे उत्तर पाठ केलेले असते आणि ते उत्तर चुकीचेही नसते. परंतु तेच सत्य एखाद्या पांढऱ्या पाकिटात घालून आपल्या हाती दिले जाते आणि ज्याचे ते सत्य आहे ते माणूस बाहेरच्या बाकावर पदराने घाम टिपत आपली वाट पाहत बसलेले असते, तेव्हा पाठ केलेले उत्तर ओठांवर येत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्यावर असा प्रसंग आला. त्या प्रसंगी मी जे केले ते योग्य नव्हते. ते का योग्य नव्हते, हे उमजायला मला बराच काळ लागला. ही उमज वाचकांपुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझी थोरली बहीण त्या वेळी एकसष्ट वर्षांची होती. आम्ही तिला ताई म्हणतो. रक्तदाबाच्या गोळ्या ती बरीच वर्षे घेत होती. त्या वर्षी तिचे डोके वारंवार दुखू लागले, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एम.आर.आय. काढायला सांगितला. डोकेदुखीचे कारण त्या चित्रात सापडले नाही. ते पुढे मानेच्या मणक्यांत निघाले. मात्र जे कोणी शोधत नव्हते असे काहीतरी त्या चित्रात दिसले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मधल्या रोहिणीला जेथे फाटा फुटतो, नेमक्या त्या ठिकाणी चार मिलिमीटरचा एक फुगवटा होता. वैद्यकाच्या भाषेत त्याला अॅन्युरिझम म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी पोट यावे, तसा रोहिणीची भिंत कमकुवत होऊन आलेला हा फुगा. तो फुटला तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात उसळते, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. जे वाचतात त्यांच्यातील अनेकांना पूर्वीचे आयुष्य परत मिळत नाही. तथापि हेही तितकेच खरे की, असे फुगे घेऊन जगणारी बहुतेक माणसे अखेरीस दुसऱ्याच कशाने तरी मरतात.

डॉक्टरांनी हे सर्व मला सांगितले, ताईला नाही. आपल्याकडची रीतच तशी आहे. रुग्ण बाई असली की डॉक्टर सोबतच्या पुरुषाकडे पाहून बोलतात. मी बाहेर आलो. ताईने विचारले, "काय रे, काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही, मानेचा त्रास आहे." हे वाक्य खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. तीन आठवडे मी ते सत्य खिशात घेऊन फिरलो. माझी समजूत अशी होती की, मी तिचे रक्षण करीत आहे.

पाहण्याची किंमत

त्या तीन आठवड्यांत मी या विषयावर मिळेल ते वाचत होतो. सुरुवात भीतीपोटी झाली, पण वाचता वाचता त्यामागचा इतिहास समजत गेला. तो इतिहास वाचल्यावर माझा मूळ प्रश्न अधिक स्पष्ट झाला.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा माणसाला जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. मेंदू मात्र दिसेना. मऊ मेंदू आणि त्यातील रक्तवाहिन्या क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाहीत. पोर्तुगालमधील लिस्बनचे डॉक्टर एगास मोनिझ यांनी मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढण्याचा उद्योग आरंभला. आधीच्या प्रयत्नांत स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. मग त्यांनी सोडियम आयोडाइड घेतले. २८ जून १९२७ रोजी एका तरुण रुग्णाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे झाड प्रथमच काचेवर स्पष्ट उमटले. आज मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर होणारा प्रत्येक उपचार त्या चित्राचा ऋणी आहे.

पुढे १९३१ पासून मोनिझ यांनी आणि जगभरच्या डॉक्टरांनी थोरोट्रास्ट नावाचे नवे द्रव्य वापरायला घेतले. त्याने चित्रे फार सुरेख येत आणि रुग्णाला त्या वेळी काही त्रासही होत नसे. परंतु त्यात थोरियम होते, आणि थोरियम किरणोत्सर्गी असते. ते शरीराबाहेर जात नसे. यकृतात आणि प्लीहेत आयुष्यभर साठून राही. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांपैकी कित्येकांना यकृताचा कर्करोग झाला. चित्र डॉक्टरांना मिळाले आणि त्याची किंमत रुग्णाने दोन-तीन दशकांनी चुकवली. याच मोनिझ यांनी १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते रक्तवाहिन्यांच्या चित्रासाठी नव्हे, तर या शस्त्रक्रियेसाठी. आणि तीच शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाने लाजेने मागे टाकली. एकाच माणसाच्या हातून घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक धडा मिळतो. काय करता येते हे कळले म्हणून काय करावे हे कळले, असे होत नाही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. चित्र काढले. त्यानंतर एम.आर.आय. आला. आता सुई नाही, वेदना नाही, किरणोत्सर्गही नाही. अर्धा-पाऊण तास खडखडाट ऐकत निश्चल पडून राहिले की रक्तवाहिन्यांचे झाड पडद्यावर उभे राहते. पाहण्याची जुनी किंमत जवळजवळ संपली आहे. मात्र तिच्या जागी एक नवी किंमत आली आहे, आणि ती पैशांत मोजता येत नाही.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे दोन हजार सर्वसाधारण नागरिकांच्या मेंदूची चित्रे काढण्यात आली आणि त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या लोकांची कसलीही तक्रार नव्हती. तरीही शंभरात सात जणांच्या मेंदूत त्यांच्या नकळत येऊन गेलेल्या पक्षाघाताच्या खुणा होत्या, आणि जवळपास दोघांच्या रोहिणीवर फुगवटा होता. इतर पाहण्यांचा एकत्र विचार केला तर प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात तीन एवढे धरले जाते. वाचकहो, रविवारच्या मिस्साला आपले चर्च भरलेले असते तेव्हा एक नजर फिरवा. त्या बाकांवर असे फुगे घेऊन बसलेली कितीतरी माणसे असतील. ती गाणी म्हणतात, घरी जाऊन जेवतात आणि दुपारी झोपतात. ताई आणि त्यांच्यात फरक एवढाच की, ताईचे चित्र निघाले.

नेदरलँड्समध्येच त्याआधी झालेली एक पाहणी मला अधिक अंतर्मुख करून गेली. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता अशा रुग्णांच्या ६२६ आईवडिलांची, भावंडांची व मुलांची तपासणी करण्यात आली; हा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचवीस जणांमध्ये फुगवटे सापडले. अठरा जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी अकरा जणांची कार्यक्षमता पूर्वीपेक्षा कमी झालेली होती. ही माणसे तपासणीला आली तेव्हा आजारी नव्हती. भविष्यातील एक आपत्ती टाळण्यासाठी त्यांनी वर्तमानातले आरोग्य पणाला लावले, आणि अनेकांच्या बाबतीत ते गेले. हे कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेचे आकडे आहेत आणि आजचे उपचार अधिक सौम्य आहेत. तरीही या पाहणीने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही.

हाताला आलेले सामर्थ्य

अशा फुगव्यांवर उपाय शोधणाऱ्यांची कहाणी धैर्याची आहे, हे कोणी नाकारणार नाही. एडिंबरोचे नॉर्मन डॉट यांनी १९३१ मध्ये कवटी उघडून फुटलेल्या फुगव्याभोवती रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा गुंडाळला. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये फुगव्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. तेथून पन्नास वर्षे चिमटा हाच खरा उपाय होता, आणि त्यासाठी कवटी उघडणे अटळ होते.

दरम्यान मॉस्कोचे फ्योदोर सर्बिनेन्को यांनी रक्तवाहिनीच्या आतूनच मेंदूपर्यंत पोहोचून तेथे सोडून देता येतील असे चिमुकले फुगे वापरले आणि १९७४ मध्ये आपला अनुभव जगापुढे मांडला. त्या वाटेने पुढे गेले इटलीचे ग्विदो गुलिएल्मी. जांघेतील रोहिणीतून एक बारीक नळी वर सरकवत मेंदूपर्यंत न्यायची, फुगव्याच्या तोंडाशी थांबायचे आणि केसासारखी मऊ प्लॅटिनमची तार आत सोडायची. ती लोकरीच्या गुंडीसारखी आत गुंडाळली जाते. तार नीट बसली की तिच्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडायचा. त्यासरशी पोलादी दांडी व प्लॅटिनम यांच्यामधला सांधा विरघळतो, तार आत राहते आणि दांडी बाहेर येते. तार मनासारखी बसली नाही तर सुटण्यापूर्वी ती मागेही घेता येते. या मागे घेता येण्यातच त्या शोधाचे मर्म आहे. लॉस एंजलिस येथे १९९० मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

चिमटा बरा की तार, हा वाद सोडवण्यासाठी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. ज्यांचा फुगा फुटला होता आणि ज्यांच्या बाबतीत दोन्ही उपाय सारखेच योग्य आहेत असे डॉक्टरांना वाटत होते, अशा २,१४३ रुग्णांना कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण तारेच्या गटात शेकडा २३.७, तर चिमट्याच्या गटात शेकडा ३०.६ होते. म्हणजे शंभरामागे सात माणसे वाचली किंवा आपल्या पायांवर उभी राहिली.

रुग्णाचा जीव टांगणीला लागलेला असताना त्याचा उपचार चिठ्ठीने ठरवणे अनेकांना निर्दयपणाचे वाटते. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली होती. दोघेही योग्य असताना माणसाने आपल्या आवडीनिवडीला बाजूला सारण्याची ती रीत होती. जेथे डॉक्टरला खरोखर ठाऊक नसते तेथे ठाऊक असल्याचा आव आणणे हे खोटे बोलणेच होय. त्यापेक्षा 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' असे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

न फुटलेल्या फुगव्यांसाठी अशीच चाचणी २००६ मध्ये सुरू झाली: तारेने उपचार करावा, की नुसते लक्ष ठेवावे? दोन हजारांहून अधिक रुग्ण हवे होते. जेमतेम ऐंशी मिळाले आणि २००९ मध्ये ती थांबवावी लागली. मला वाटते, यात सगळ्यांच्याच मनाचा थांग लागतो. फुटलेल्या फुगव्याच्या बाबतीत चिठ्ठी मान्य करणारी माणसे, न फुटलेल्या फुगव्याच्या बाबतीत 'आम्हांला ठाऊक नाही' हे वाक्य ऐकून घ्यायला तयार होत नाहीत. अनिश्चिततेत जगण्यापेक्षा चुकीची का होईना, निश्चिती आपल्याला बरी वाटते.

करणे आणि न करणे

मग ताईच्या चार मिलिमीटरचे काय? डॉक्टरांनी वय, रक्तदाब, फुगव्याचे आकारमान, त्याची जागा असे पाहून हिशेब मांडला. पाच वर्षांत तो फुटण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. हा हिशेब ज्या आठ हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून बांधलेला आहे ते युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान येथील होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. उलट, न फुटलेल्या फुगव्यावर रक्तवाहिनीतून उपचार केला असता शंभरात सुमारे पाच जणांना कमी-अधिक गंभीर उपद्रव होतो. मृत्यू क्वचित, हजारात तिघांच्या आसपास.

वरवर पाहता उत्तर उघड आहे. एकापेक्षा पाच मोठे. परंतु हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. उपचाराचा धोका एकाच दिवशी समोर उभा राहतो. तो दिवस निभावला की बराचसा सरतो. फुगव्याचा धोका पाच वर्षांचा सांगितला आहे, आणि ताईपुढे देवाच्या कृपेने वीस-पंचवीस वर्षे असू शकतात. शिवाय फुगवटे काही वेळा वाढतात आणि मग हिशेबच बदलतो. म्हणजे अंकगणित आपल्याला वाटेपर्यंत आणून सोडते. पुढचे पाऊल माणसालाच टाकावे लागते.

त्या पावलापाशी एक जुनी नैतिक अडचण उभी असते. उपचार करवून घेतला आणि ताईचा हात लुळा पडला, तर तो आमच्या निर्णयाने पडलेला असेल. उपचार न करता फुगा फुटला, तर तो निसर्गाने फुटलेला असेल. दोन्हीकडे दुःख तेवढेच असते. तरीही पहिल्यात आपला हात असतो आणि दुसऱ्यात नसतो, असे मनाला वाटते. हे वाटणे खरे आहे का? विचारपूर्वक थांबणे हीदेखील एक कृतीच आहे आणि तिचेही उत्तरदायित्व असते. ज्याने हिशेब पाहून, प्रश्न विचारून, दरवर्षी चित्र काढून पाहण्याचे ठरवून थांबायचे निवडले, त्याने काहीतरी केले आहे. ज्याने पाकीट कपाटात ठेवून दिले त्याने मात्र काहीच केलेले नाही. मी पाकीट कपाटात ठेवले होते.

हे ध्यानात आले तेव्हा दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली. त्या तीन आठवड्यांत माझ्या मनाने परस्पर निर्णय घेऊन टाकला होता: उपचार करवून घ्यायचा. आकडे पाहूनही माझे मन तिकडेच ओढ घेत होते. कारण मला ते चार मिलिमीटर सहन होत नव्हते. रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होई. मला वाटत होते की मी ताईच्या फुगव्यावर उपाय शोधतो आहे. वस्तुतः मी माझ्या भीतीवर उपाय शोधत होतो, आणि त्या उपायाची जोखीम तिने घ्यावी अशी माझी इच्छा होती. प्रेमातही असा स्वार्थ लपून बसतो. तो प्रेमाचीच भाषा बोलतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

किती उपाय करण्यास आपण बांधलेले आहोत?

जीव ही देणगी आहे, तो जपणे कर्तव्य आहे, असे आपण मानतो. मग उपलब्ध असलेला उपचार नाकारणे हा त्या कर्तव्याचा भंग ठरतो का? हा प्रश्न आजचा नाही. सोळाव्या शतकात सालामांकाचे डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी त्याचा विचार केला होता. माणसाने अन्न खाऊन जगले पाहिजे हे खरे, परंतु आयुष्य वाढेल म्हणून सर्वांत उंची व महागडे अन्नच खाल्ले पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही, असा त्यांचा विचार होता. त्याच शतकाच्या अखेरीस साधारण साधने आणि असाधारण साधने असा भेद रूढ झाला. भूल देण्याची सोय नव्हती त्या काळी पाय कापून घेणे हे असाधारण साधन मानले जाई. इतक्या यातना सोसण्यास कोणी बांधलेला नाही, असे मत होते.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी हाच विचार पुढे नेला. व्यक्ती, स्थळ, काळ व संस्कृती यांनुसार जी साधने साधारण ठरतात, ज्यांचा स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार पडत नाही, ती वापरण्यास मनुष्य सामान्यतः बांधलेला आहे. त्यापलीकडे जाण्याची त्याला मोकळीक आहे, सक्ती नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९८० च्या धर्मपीठाच्या घोषणापत्रात हाच भेद प्रमाणशीर व अप्रमाणशीर साधने अशा शब्दांत मांडला गेला.

या विचाराचे मोल मला असे वाटते की, तो साधनाकडे एकटे पाहत नाही. साधन आणि माणूस यांना एकत्र पाहतो. प्लॅटिनमची तीच तार, ज्याचा फुगा काल फुटला आणि आज पुन्हा फुटू शकतो त्याच्यासाठी जवळजवळ साधारण साधन ठरते. न फुटलेल्या, चार मिलिमीटरच्या फुगव्यासाठी तीच तार वेगळ्या तराजूत तोलावी लागते. ज्या घराला एका उपचारासाठी वाडीतला तुकडा विकावा लागतो त्या घरासाठी तराजू आणखी वेगळा. आणि हा तराजू धरायचा कोणी? ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याने. पोपमहाशयांनी त्या भाषणात हेही स्पष्ट केले होते की, रुग्णाच्या मनाविरुद्ध डॉक्टरला स्वतंत्र अधिकार नसतो. डॉक्टरलाही जो अधिकार नाही, तो माझ्यासारख्या भावाला कोठून येणार?

मिनिटांचा हिशेब

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आवश्यक आहे. थांबणे, विचार करणे, तराजू हाती घेणे हे सर्व ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. पक्षाघाताचा झटका आला असता वेळ नसतो. गुठळीने मेंदूची मोठी रोहिणी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडण्यात आला. तेथे विलंब हीच हानी.

आणि तेथे चित्राची भूमिकाही नेमकी उलटी होते. ताईला ज्या चित्राने ओझे दिले, तेच चित्र झटका आलेल्याला तारते. गुठळी विरघळवणारे औषध झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. परंतु झटका गुठळीचा नसून रक्तस्रावाचा असेल तर तेच औषध प्राणघातक ठरू शकते, आणि बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही. म्हणून आधी सी.टी. हवाच. मोठी रोहिणी बंद असेल तर आता जांघेतून नळी नेऊन गुठळी बाहेर ओढून काढता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत या उपायाचा लाभ दिसला नव्हता. संशोधकांनी ते अपयश लपवले नाही. साधने सुधारली, आणि खरोखर मोठी रोहिणी बंद आहे अशाच रुग्णांना चित्रावरून निवडले. नेदरलँड्समधील पाचशे रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ च्या आरंभी छापून आले. तीन महिन्यांनंतर स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण गुठळी काढलेल्यांत शेकडा ३२.६ होते, न काढलेल्यांत १९.१. २०१८ मधील चाचण्यांनी तर काही निवडक रुग्णांना चोवीस तासांपर्यंतही लाभ होऊ शकतो, असे दाखवून दिले.

परंतु नैतिक प्रश्न येथेही सुटलेला नाही. त्याने रूप पालटले आहे. झटका आलेल्या माणसाची वाचा गेलेली असते. संमतीचा कागद त्याच्या मुलापुढे येतो आणि त्याला पाच मिनिटांत उत्तर द्यायचे असते. आपल्या वडिलांना काय हवे असते, हे ज्या मुलाने कधी विचारलेलेच नाही तो त्या वेळी काय सांगणार? म्हणून हे बोलणे सुखाच्या दिवसांत, जेवणाच्या पानावर व्हायला हवे. दुसरा प्रश्न न्यायाचा. हा उपचार मोठ्या शहरातील मोजक्या रुग्णालयांत मिळतो, खर्च लाखांच्या घरात जातो, आणि मेंदूच्या पेशी महामार्गावरील वाहतूक मोकळी होईपर्यंत थांबत नाहीत. तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, यांपैकी एक खूण दिसली तरी 'जरा पडू दे, बरे वाटेल' असे म्हणत अंगाला तेल चोळत बसू नये. आणि जेथे सी.टी.ची सोय आहे अशा रुग्णालयात त्याच घटकेला न्यावे. एवढे ज्ञान तरी गावातल्या प्रत्येक घरात असणे ही आपली सामूहिक जबाबदारी आहे.

ताईचे उत्तर

अखेर एका संध्याकाळी मी पाकीट घेऊन ताईकडे गेलो. ती अंगणात बसून भाजी निवडत होती. मी सर्व सांगितले: फुगवटा, आकडे, उपचार, आणि तीन आठवडे मी गप्प राहिलो तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर आलास तेव्हा तुला ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे. तू माझ्याकडे बघत नव्हतास. तीन आठवडे मी समजत होते की मला कॅन्सर झालाय आणि तुम्ही सगळे लपवताय."

माझ्या रक्षणाचा हिशेब असा झाला होता. मी तिच्यापासून चार मिलिमीटरचे सत्य लपवले, आणि तिने त्या रिकाम्या जागी त्याहून कितीतरी मोठे भय एकटीने वाहिले.

पुढच्या भेटीत ती स्वतः डॉक्टरांसमोर बसली आणि मी मागच्या खुर्चीवर. तिने विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा बरे होते. "मी कोणतं काम करायचं नाही?" हा पहिला. "हे माझ्या मुलींनाही असेल का?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे होते: रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, तंबाखूच्या धुराजवळ जायचे नाही, बाकी सर्व करायचे. दुसऱ्यावर डॉक्टर म्हणाले की, घरात दोन किंवा अधिक जवळच्या नातलगांना हा विकार असेल तर तपासणी सुचवतात, एकीवरून सहसा नाही. परंतु मुलींना हे कळवायचे की नाही, हे ताईने ठरवावे. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "कळवायचं. ठरवतील त्या."

तिने उपचार न घेता ठरावीक काळाने चित्र काढत राहण्याचे ठरवले. आतापर्यंतच्या चित्रांत फुगवटा वाढलेला नाही. म्हणून तिचा निर्णय बरोबर होता असे मी म्हणणार नाही. उद्या तो वाढला किंवा फुटला म्हणून चुकीचा होता असेही म्हणणार नाही. निर्णयाची योग्यता त्याच्या फळावर ठरत नाही. तो कोणी, काय जाणून आणि किती मोकळ्या मनाने घेतला, यावर ठरते. तिच्याच वयाची, तेवढाच फुगवटा असलेली दुसरी एखादी स्त्री 'मला हे डोक्यात घेऊन जगवत नाही' म्हणून उपचार करवून घेईल, तर तीही तितकीच बरोबर असेल. पहिलीने धीर धरला आणि दुसरीचा धीर सुटला, असा निवाडा करण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही.

ताईच्या धाकट्या मुलीने चित्र काढून घेतले; थोरलीने नाही. या विषयावर दोघी बहिणींचे एकमत झालेले नाही आणि ते व्हायलाच हवे असेही नाही. मी आता कोणालाच सल्ला देत नाही. रात्री फोन वाजला की छातीत अजूनही धस्स होते. ते माझे ओझे आहे, आणि ते मीच वाहायचे, एवढे मात्र मला कळले आहे.